पाखऱ्याबरोबर धावणारे भैय्याजी

आमच्या आसगावात मोठा माणूस धावताना दिसला, तर बैल सुटलेला असतो, नाहीतर बस सुटलेली असते. जवान पोरं धावली तर पोलीस भरती निघालेली असते. याच्या पलीकडे धावायला काही कारण असू शकतं, हे गावाला माहीत नव्हतं. ते आमच्या घरातून निघालं, म्हणून ही हकिकत मीच सांगायला बसले आहे. बाकीचे सांगतात तेव्हा माझा नवरा एकतर देवमाणूस असतो, नाहीतर ठार वेडा. मी त्यांच्याबरोबर सव्वीस वर्षं काढली आहेत. दोन्ही खरं नाही.

नाव भैय्याजी लांजेवार, वय चोपन्न. धानाची शेती आहे, पण शेतकरी म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. ओळख आहे ती शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची. पटावर धावणारे बैल तयार करावेत तर भैय्याजींनीच, असं अख्ख्या पवनी तालुक्यात बोललं जातं, आणि बोललं जातं तेव्हा भैय्याजी बहुधा तिथंच बसलेले असतात. मी शालू, त्यांची बायको, गावातली अंगणवाडी सेविका. घरी मी त्यांना 'अवो' म्हणते. कागदावर किती वेळा 'अवो' लिहिणार, म्हणून इथं भैय्याजी.

बैलाच्या बाबतीत या माणसाचं करणं बघण्यासारखं. पहाटे उठले की तोंडावर पाणी मारायच्या आधी बैलांच्या कोठ्यात जाणार. खाली बसणार आणि बैलाच्या चारही पायांवरून, खुरापासून गुडघ्यापर्यंत, हाताची उलटी बाजू फिरवणार. कुठं गरम लागलं, कुठं जराशी सूज वाटली, की त्या दिवशी त्या बैलाला सुट्टी, शेक आणि वर गूळ. एकदा पाखऱ्या नावाच्या आमच्या गोऱ्ह्याच्या मागच्या पायाला इतकी बारीक सूज होती की जनावरांच्या डॉक्टरला चष्मा पुसून पाहावी लागली. भैय्याजींच्या हाताला ती अंधारात कळली होती.

त्याच वर्षी माझे पाय सुजले होते. एक दिवस नाही, सात महिने. चपलेचा पट्टा रुतायचा, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा राहायचा. तेच पाय घेऊन मी रोज दोन वेळा त्यांच्यापुढं ताट ठेवत होते. त्यांना दिसले नाहीत. शेवटी अंगणवाडीत लसीकरणाला आलेल्या नर्सबाईंनी विचारलं, "ताई, पायाला काय झालं?" मग रक्त तपासलं आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. याचा मला राग आहे. आजही आहे, आणि तो लपवून हकिकत गोड करायची माझी इच्छा नाही.

मग आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला रक्त गाळायच्या मशीनवर जाणं सुरू झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कोणी किडनी दिली तर यातून सुटका होईल. माझा भाऊ श्यामराव सिहोऱ्याला असतो. दर राखीला तो म्हणायचा, ताई, तुझ्यासाठी जीव देईन. जीव कोणी मागितलाच नव्हता, एक किडनी हवी होती. तो म्हणाला, धान कापणी होऊ दे, मग पाहू. कोणत्या वर्षीची कापणी, ते सांगितलं नाही. मुलगी रुचिता तेवीस वर्षांची, ती एका पायावर तयार होती, पण मीच नको म्हटलं. डॉक्टरांच्या खोलीत 'आणखी कोणी आहे का' या प्रश्नावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. बाजूच्या खुर्चीतून भैय्याजींचा आवाज आला, "माही घ्या ना." बसमध्ये कोणी उठून जागा द्यावी, तशा आवाजात.

मला तेव्हा रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आधी संशय आला, हेही नाव व्हावं म्हणूनच तर नाही ना?

गावाला जरा जास्तच धक्का बसला. बायकोने नवऱ्याला किडनी दिली तर त्यात सांगण्यासारखं काही नसतं, तो तिच्या कामाचाच भाग समजला जातो. त्या दवाखान्यात मी पाहिलं ना, देणाऱ्या बहुतेक आया, बहिणी आणि बायकाच. नवरे, भाऊ यांचे रक्तगट जुळत नाहीत, नाहीतर त्यांना अचानक फार कामं निघतात. भैय्याजींचा रक्तगट जुळला आणि कामही निघालं नाही. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे गिरजाबाईंनी, ऐकल्याबरोबर पदर डोळ्यांना लावला.

"बायकोले? अन तुले काई झालं तं?"

"मले काई होत नाई, माय."

"मले का म्हाईत नाई? तू लहानपणी बी असाच म्हनत झाडावर चढे."

सासूबाईंवर माझा राग नाही. पोरगा त्यांचा आहे, आणि झाडावरून पडलेलाही त्यांनी पाहिला आहे.

अडचण वेगळीच निघाली. डॉक्टरांनी भैय्याजींना काट्यावर उभं केलं आणि काटा चौऱ्याण्णव किलोवर गेला. मधली काही वर्षं पटावर बंदी होती. तेव्हा बैलही बसून होते आणि भैय्याजीही. बंदी उठली, बैल पुन्हा पटावर गेले, भैय्याजींचं पोट मात्र तिथंच बसून राहिलं.

"ब्याऐंशीच्या खाली या," डॉक्टर म्हणाले. "त्याशिवाय मी तुमचं ऑपरेशन करणार नाही. खर्रा बंद, तंबाखू-सुपारी काही नको. आणि हे नीट ऐका, दुखण्याची गोळी एकही घ्यायची नाही. ती सरळ किडनीवर जाते, आणि आपल्याला तीच किडनी हवी आहे. म्हणजे व्यायाम असा करायचा की काही दुखावणारच नाही. आधी चाला. मग हळूहळू धावलात तरी हरकत नाही. पण हळूहळू."

डॉक्टर एवढं सगळं बोलले. भैय्याजींच्या कानात त्यातलं 'धावा' तेवढं गेलं. तरी माझ्या धाकाने त्यांनी सुरुवात चालण्याने केली. दसरा होऊन गेला होता. पहिल्या दिवशी पवनीच्या रस्त्याने निघाले आणि पंधरा मिनिटांत मोटारसायकलवर बसून परत आले.

"काहून, इतक्या लवकर?"

"तुलाराम भेटला ना. म्हने, बस. आता नाई कसं म्हनू?"

तुलाराम म्हणजे त्यांचा पटाचा जोडीदार. भैय्याजी बैल तयार करतात आणि पटावर तो जोडी हाकतो. दुसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरवाल्याने घरी आणून सोडलं, तिसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीने. आमच्याकडं ओळखीचा माणूस पायी दिसला आणि त्याला गाडीवर घेतलं नाही, तर तो त्याचा अपमान असतो. बसायला नाही म्हणणं हा गाडीवाल्याचा अपमान. एकदा भैय्याजींनी धीर करून सांगून पाहिलं, "मी चालासाठीच चालून राहिलो, बावा." समोरच्याने गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि हळू आवाजात विचारलं, "घरी भांडन झालं काय, भाऊ?" आठ दिवसांत माझ्या अंदाजाने ते दोन किलोमीटर चालले आणि दहा किलोमीटर गाडीवर बसले. वजन काही कमी झालं नाही, ओळखी मात्र वाढल्या.

मग त्यांनी ठरवलं, धावायचं. "धावत्या मानसाले कोनी थांबवत नाई," असं त्यांचं म्हणणं. पवनीच्या बाजारातून बूट आणले. पाय नऊ नंबरचा, बूट आठ नंबरचे, कारण नऊ नंबरात लाल पट्टेवाले नव्हते. आणि ज्या माणसाने नवा गोऱ्हा कधी डांबरी रस्त्यावर पळू दिला नाही, तो माणूस पहिल्याच दिवशी भरतीच्या पोरांमागं डांबरी रस्त्याने पाच किलोमीटर धावायला निघाला. शेजारच्या देवकाबाईच्या अंगणात बसलेल्या दोघांनी भैय्याजींना धावताना पाहिलं, बैल सुटला असं समजून दोर उचलला आणि तेही मागं धावले. निम्म्या रस्त्यापर्यंत तिघंही बैल शोधत होते, असं पोरांनी मला हसत हसत सांगितलं.

संध्याकाळी नडग्या दुखायला लागल्या. मी म्हटलं, उद्या राहू द्या. "मर्दाले हे एवढंसं दुखनं म्हंजे काय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख काळं पडलं. चौथ्या दिवशी ते ओसरीच्या तीन पायऱ्या पाठमोरे उतरले आणि असं उतरायची आपली जुनीच सवय आहे, असा चेहरा केला. पाचव्या दिवसापासून मात्र एकदम बरे. रोज धावायचे, घरी येऊन चहा मागायचे, दुखतं म्हणून एक शब्द नाही. मला वाटलं, सराव झाला. मी देवकाबाईला कौतुकाने सांगितलंसुद्धा. त्या कौतुकाची आज मला लाज वाटते.

दिवाळीनंतर नागपूरला गेलो. वजन ब्याण्णव. भैय्याजी काट्यावरून असे उतरले जसा पटच जिंकला. डॉक्टर मात्र रक्ताचा कागद दोनदा वाचत होते.

"दुखण्याच्या गोळ्या घेतल्या का?"

"नाई जी."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी छाती पुढं काढून म्हणाले, "नाही डॉक्टर. माझं लक्ष असतं."

घरी आल्यावर पाखऱ्याची झूल उन्हात टाकायला काढली. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर टाकतो ती रंगीत झूल. ती उलगडली आणि घडीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं खाली पडली. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून कंबर गेली की आमच्याकडं लोक या गोळ्या चण्याफुटाण्यांसारख्या खातात. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. या तुलारामने आणून दिल्या होत्या, मित्राच्या प्रेमापोटी. मी पाकिटं गोळा केली. एकोणीस गोळ्या.

मी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "आजपासून एकही नको. मार्चमध्ये पुन्हा तपासू. वजन ब्याऐंशीच्या वर असेल किंवा रक्त असंच आलं, तर यांची किडनी मी घेऊ शकणार नाही. मग दुसरं कोणी शोधावं लागेल." दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे आठवड्यातून दोनदा मशीन, जितके दिवस माझं शरीर साथ देईल तितके दिवस.

त्या संध्याकाळी मी ती पाकिटं पदरात घेऊन कोठ्यात गेले. भैय्याजी पाखऱ्याच्या पायाशी बसले होते. मी एकेक पाकीट त्यांच्यासमोर टाकलं.

"मी तुमच्यासाठी डॉक्टरजवळ खोटी पडली. आता एक सांगा. ह्या पाखऱ्याले तुमी पहिल्या दिवशी पटावर सोडला होता काय?"

"नाई."

"काहून?"

"अगं, कवळा गोऱ्हा होता तो! पाय गेला असता ना त्याचा."

"अन तुमचे पाय कायचे हायेत? लोखंडाचे? बैल लंगडा झाला तं जत्रेतून दुसरा आनान. तुमची किडनी गेली तं मी कोठून आनू?"

एवढं बोलले आणि मग मात्र मला रडू आलं. सात महिन्यांचं सुजलेल्या पायांचंही त्यातच बाहेर पडलं. "पाखऱ्याची सूज तुमच्या हाताले अंधारात लागते, अन माही उजेडात दिसली नाई," असं मी म्हणाले. भैय्याजी खाली मान घालून पाकिटं गोळा करायला लागले. पाखऱ्या रवंथ करत होता. आम्हा तिघांत तेवढा एकच शांत होता.

शेवटचं पाकीट उचलून ते म्हणाले, "मंग कसं करू?"

"गोऱ्हा कसा तयार करता, ते सांगा. मी लिहून घेतो."

त्यांनी सांगितलं. तासभर सांगत होते. पहिले पंधरा दिवस नुसतं चालवायचं. मग थोडं दुडकं धावू द्यायचं, थोडं चालवायचं, पुन्हा थोडं धावू द्यायचं. धाप लागायच्या आधी थांबवायचं. आज धावला तर उद्या आराम. मऊ जमीन. वाढवायचं ते आठवड्याला थोडंसंच, आणि दुसऱ्याचा बैल जोरात पळाला म्हणून आपला पळवायचा नाही. दोन्ही पाय सारखे आखडले आणि चालल्यावर मोकळे झाले तर घाबरायचं काम नाही. पण एकाच जागी, बोटाएवढ्या जागी दुखलं आणि तिथं गरम लागलं, तर सगळं बंद. मी अंगणवाडीच्या जुन्या वजन-तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहीत गेले. इतकं ज्ञान असलेला माणूस आठ नंबरचे बूट घालून डांबरावर धावला होता. लिहून झाल्यावर मी प्रत्येक ठिकाणचा 'गोऱ्हा' खोडला आणि त्यावर 'भैय्याजी' लिहिलं.

जागा पटाचीच निवडली. गावाबाहेर तलावाजवळ पटाची लांबलचक पट्टी आहे, वर्षातून दोन दिवस गर्दीची, बाकी वर्ष रिकामी. माती मऊ, गाड्या नाहीत. पण दुडकं धावणं सुरू झालं आणि चार दिवसांत तलावाच्या पाळीवर बघे जमायला लागले. तेव्हा भैय्याजींनी पाखऱ्याला बरोबर घेतलं. त्याचा कासरा हातात धरून त्याच्या बाजूने धावायला लागले, आणि बघे उठून घरी गेले. स्वतःसाठी धावणारा माणूस गावाला वेडा वाटतो. बैलासाठी धावणारा कर्तबगार वाटतो, त्याच्याकडं बघत बसायचं काही कारण नसतं. नऊ नंबरचे बूटही आले. त्यांना पट्टे नव्हते.

मशीनचा दिवस नसेल तेव्हा मी अंगणवाडीतली लहान मुलांची लाल खुर्ची घेऊन पट्टीच्या शेवटी बसायची. निम्म्यावर एक पळस आहे. सुरुवातीपासून पळसापर्यंत दोघांनी दुडकं धावायचं, पळसापासून माझ्यापर्यंत चालायचं. मग वळून पुन्हा तेच. भैय्याजी मागं पडले तर पाखऱ्या त्यांच्यासाठी थांबायचा. असं डिसेंबरभर चाललं, जानेवारीतही चाललं. रोज पहाटे ते कोठ्यात पाखऱ्याच्या पायांवरून हाताची उलटी बाजू फिरवायचे, आणि मग धोतर वर करून स्वतःच्या नडग्यांवरून. माझ्या पायांचं नाव त्या यादीत अजून लागलं नव्हतं.

दर सोमवारी मी त्यांना अंगणवाडीच्या काट्यावर उभं करायची. नव्वद, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी. तांदळाची अर्धी वाटी कमी झाली म्हणून सासूबाई माझ्याशी दोन आठवडे बोलल्या नाहीत. खर्रा सुटला तेव्हा भैय्याजी अख्ख्या घराशी बोलले नाहीत. ते दिवस फार शांततेत गेले.

जानेवारीच्या शेवटी चौऱ्याऐंशीवर आले आणि तिथंच डाव्या नडगीवर एका जागी दुखायला लागलं. बोटाएवढी जागा, हात लावला तर गरम. मार्च समोर दिसत होता. त्या रात्री जेवताना त्यांचा हात सारखा नडगीवर जात होता आणि मला कळत होतं की त्यांच्या डोक्यात काय चाललं आहे. दुसऱ्या दिवशी तुलाराम घरी येऊन गेला. तो गेल्यावर भैय्याजी स्वयंपाकघरात आले आणि माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. भरलेलं, एकही गोळी न काढलेलं.

"तुलाराम देऊन गेला. त्याले नाई म्हनता आलं नाई मले. तू ठेव."

लग्नानंतर न मागता त्यांनी मला आणून दिलेली ही दुसरी वस्तू. पहिला प्रेशर कुकर होता. पण सांगते, कुकरपेक्षा मला ही जास्त आवडली. मी ती चुलीत घातली. अठरा दिवस भैय्याजी धावले नाहीत. पाखऱ्याला ते घेऊन जायचे, पण दोघं नुसते चालायचे.

फेब्रुवारीअखेर आमच्या गावचा पट आला. बाहेरगावचे पाहुणे, पाळणे, भजी, आणि त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. पाखऱ्या पहिल्यांदाच पळणार होता, भैय्याजींनी तयार केलेला, म्हणून सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. पट्टीच्या शेवटी वेगात आलेल्या बैलांना बाजूने धावत जाऊन धरावं लागतं. तीस वर्षं हे काम भैय्याजींचं. त्यात बरगड्या मोडतात, पाय चिरडतात. दोनदा त्यांचा खांदा निखळला आहे आणि दोन्ही वेळा ते त्या खांद्यावर खूश होते.

माणसं बोलवायला आली. भैय्याजींनी मान हलवली. "यंदा नाई."

"काहून जी? भेव वाटते काय?"

"होय. वाटते."

कोणीतरी मागून म्हणालं, "बायकोसाठी सांभाळून ठेवली हाय किडनी!" मोठा हशा झाला. भैय्याजींचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हे उठणार. सव्वीस वर्षांत या माणसाला मी एकही टोमणा गिळताना पाहिलं नव्हतं. ते उठले खरे, पण बायकांच्या बाजूला आले आणि माझ्या लाल खुर्चीशेजारी मातीत मांडी घालून बसले. "इथून चांगलं दिसते," म्हणाले. तिथून काही दिसत नव्हतं, समोर देवकाबाई उभी होती.

पाखऱ्याची जोडी सुटली, तशी मी देवकाबाईला बाजूला सारली. मी पटातली जाणकार नाही, पण असा वेग मीही पाहिला नव्हता. शेजारची पाहुण्या गावची जोडी दोन हात मागं पडली. भोंग्यावरचा माणूस ओरडून ओरडून भैय्याजींचं नाव घेत होता. जोडी पळसाजवळ आली. आणि पळसाजवळ पाखऱ्याने, दोन-अडीच महिने केलं तेच केलं. तो चालायला लागला.

जोडीचा बैल ओढत होता, तुलाराम घसा फोडून ओरडत होता, मारायला तर मनाई. पाखऱ्यावर काही परिणाम नाही. पळस आला, आता चालायचं, हे त्याला ठाऊक होतं आणि बाकीच्यांना कसं ठाऊक नाही याचं त्याला नवल वाटत असावं. पाहुण्यांची जोडी कधीच पोहोचली. पाखऱ्या सावकाश चालत, जोडीच्या बैलालाही आपल्याबरोबर चालवत, पट्टीच्या शेवटी आला, वळला, बायकांच्या बाजूला माझ्या लाल खुर्चीसमोर येऊन उभा राहिला आणि भैय्याजींकडं बघायला लागला.

अख्खं गाव हसलं. भोंग्यावरच्या माणसालाही हसू आवरेना. तालुक्यातला सगळ्यात नावाजलेला माणूस, आणि त्याचा बैल पटावर फिरायला आल्यासारखा चालला. तुलाराम उतरून तणतणत आला.

"बैल बिघडवला तू, भैय्याजी! साऱ्या तालुक्यात नाक कापलं!"

भैय्याजी उठले. पाखऱ्यापुढं खाली बसले, त्याच्या चारही पायांवरून उलटा हात फिरवला. "गरम नाई," ते म्हणाले. "बिघडला नाई रे तो, माह्यासंग शिकला." मग माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःच हसायला लागले. मीही हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. या माणसाने आयुष्यभर कमावलेलं नाव माझ्यासाठी त्या पळसाखाली घालवलं होतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तेव्हा कुठं माझा तो पहिल्या दिवसाचा संशय गेला.

मार्चमध्ये काटा एक्याऐंशी किलो सहाशे ग्रॅमवर थांबला. रक्त स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखलं-खुपलं?" भैय्याजींनी डावी नडगी, बोटाएवढी जागा, अठरा दिवस, सगळं न विचारता सांगितलं. "मग गोळी?" "चुलीत," मी म्हणाले.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. सासूबाई तेव्हापासून मला वरणात तूप जास्त वाढतात. माझ्यासाठी नाही, माझ्यात त्यांच्या पोराचं काहीतरी आहे म्हणून. मला तूप चालतं, कारण विचारायची गरज वाटत नाही.

परवा डॉक्टरांनी मला चालायला परवानगी दिली. चालता चालता जमलं तर थोडं दुडकंसुद्धा, पण हळूहळू. काल पहाटे मी बूट घालायला ओसरीवर बसले होते. भैय्याजी कोठ्यातून पाखऱ्याचे पाय तपासून आले, हात धुतले आणि माझ्यासमोर खाली बसले. मला वाटलं, बुटाची नाडी बांधतात. त्यांनी माझा उजवा पाय मांडीवर घेतला आणि हाताची उलटी बाजू घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत फिरवली. घोट्यावर बोट दाबून पाहिलं. खड्डा राहिला नाही.

"गरम नाई. सूज बी नाई," ते म्हणाले आणि उठायला लागले.

"बसा," मी म्हणाले. "दुसरा पाय राहिला."